पीएचडीला नवीन लागलात? पहिला पेपर पाठवायच्या आधी हे एवढं वाचा

बडोद्यात पीएचडीला ॲडमिशन झाली की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, दादा पेपर कुठे छापायचा आणि किती लागतील. म्हणजे अजून गाईडबरोबर विषय नीट ठरलेला नाही, रजिस्टरचं पहिलं पान कोरं आहे, आणि घाई छापायची. यात पोरांचा दोष कमी, सिनियर लोकच तसं सांगत सुटतात. तर आधी ही भीती काढा. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत थिसिस जमा करायच्या आधी पेपर छापलेला असलाच पाहिजे ही अट राहिलेली नाही. युनिव्हर्सिटी स्वतःची अट ठेवू शकते, म्हणून आपला ऑर्डिनन्स स्वतः काढून वाचा, कँटीनमधल्या कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि रिसर्च एथिक्स म्हणजे तो दोन क्रेडिटचा कोर्स, हजेरी लावली की झालं, असंही समजू नका. तो यूजीसीने २०१९ च्या शेवटी सगळ्या पीएचडीवाल्यांना कंपल्सरी केला ते बरंच केलं, पण रोजच्या कामात काय करायचं ते त्यातून हाताला लागत नाही. माझं सांगणं एकच आहे. तुमच्या पेपरमधल्या कुठल्याही आकड्यावर, वाक्यावर, फोटोवर किंवा नावावर कोणी बोट ठेवलं आणि विचारलं हे कुठून आलं, तर कपाट किंवा लॅपटॉप उघडून तिथल्या तिथे दाखवता आलं पाहिजे. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

पायरी १: रजिस्टर

पानांवर नंबर छापलेलं, शिवलेलं रजिस्टर घ्या, स्पायरलचं नको कारण त्याचं पान फाडलं तरी कळत नाही. पेनाने लिहायचं, रोज तारीख टाकायची, चुकलं तर एक आडवी रेघ मारून बाजूला बरोबर लिहायचं आणि सही. व्हाइटनर लॅबमध्ये आणूच नका. मशीनमधून निघालेली मूळ फाईल एका फोल्डरमध्ये ठेवून तिला हात लावायचा नाही, सगळी काटछाट कॉपीवर. आणि त्या फोल्डरची एक प्रत डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरवर, कारण पेनड्राइव्ह हरवला हे कारण जगात कोणीच मानत नाही.

मानत नाही म्हणजे खरंच नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये यान हेंड्रिक श्योन नावाचा जर्मन तरुण होता, फिजिक्सवाला, धडाधड पेपर काढायचा, नोबेल मिळणार अशी कुजबुज. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की वेगवेगळ्या प्रयोगांच्या ग्राफमध्ये खालची खरखर, म्हणजे नॉइज, ती रेघ न् रेघ सारखीच आहे. आता दोन वेगळ्या प्रयोगांचे निकाल एकवेळ जुळतील पण खरखर कशी जुळेल? २००२ मध्ये चौकशी बसली, त्यांनी मूळ डेटा मागितला, तर म्हणे कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती म्हणून फाईली उडवल्या, आणि लॅबचं रजिस्टर नीट ठेवलेलंच नाही. खेळ खलास.

सोशल सायन्सवाल्यांनो, तुमचं रजिस्टर म्हणजे तुमचे फॉर्म. पादरा, डभोई, छोटा उदेपूरकडे सर्व्हे करायला पैसे देऊन पोरं पाठवता ना, त्यातली काही चहाच्या टपरीवर बसूनच फॉर्म भरतात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. गठ्ठा आला की आधी तो हातात घेऊन नुसता बघा. गावात खरोखर फिरलेला फॉर्म चुरगळलेला असतो, कोपरा दुमडलेला, कुठे घामाचा डाग, मध्येच पेन बदललेलं, आणि एखादा प्रश्न अर्धवट सुटलेला कारण बाई चुलीवरचं बघायला उठली. टपरीवरचा गठ्ठा इस्त्री केल्यासारखा असतो, बरोबरच्या सगळ्या खुणा एकाच बाजूला कललेल्या, वयं सगळी तीस, पस्तीस, चाळीस, आणि एकही प्रश्न रिकामा नाही. संशय आला तर त्यातले काही नंबर काढून स्वतः फोन करा, ताई तुमच्याकडे आमचा मुलगा आला होता का. ज्यांच्याकडे गेलाच नाही ते फॉर्म बाजूला ठेवायचे, आणि किती बाजूला ठेवले व का ते पेपरमध्ये लिहायचं. लाज वाटायचं कारण नाही, उलट असं लिहिलेलं वाचलं की मला तरी त्या माणसाच्या बाकीच्या आकड्यांवर जास्त विश्वास बसतो.

आर्ट्सवाल्यांना वाटतं आपल्याला हे लागू नाही, आपला कुठे डेटा असतो. त्यांनी आपल्याच गावातल्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने काढलेल्या रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचं कुठलंही पान उघडावं. वर श्लोक आणि खाली बारीक अक्षरात कुठल्या पोथीत काय वेगळा पाठ आहे त्याची यादी. १९७५ पर्यंत सातही कांडं अशी छापून झाली, अमुक शब्द का निवडला त्याचा हिशोब पानावरच. याहून चांगलं रजिस्टर मी पाहिलेलं नाही.

पायरी २: परवानगी आधी, काम नंतर

माणसांवर, माणसांच्या रक्तावर किंवा माणसांच्या माहितीवर काम असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी पहिला माणूस घ्यायच्या आधी लागते. "काम झालंय, आता फक्त लेटर पाहिजे" असं कमिटीच्या मेंबरला जाऊन सांगणारे दरवर्षी निघतात, आणि मागच्या तारखेचं लेटर देणं हाच मुळात गुन्ह्यातला प्रकार आहे हे त्यांना कळत नाही. आरोग्याच्या कामाला आयसीएमआरची, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची गाईडलाईन आहे, ती नेटवर फुकट मिळते. औषधाची ट्रायल असेल तर सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी. प्राणी असतील तर त्यांची कमिटी वेगळी.

संमतीचा फॉर्म समोरच्याच्या भाषेत पाहिजे. आपल्याकडे मॅडम लोक इंग्रजी फॉर्मवर अंगठे घेऊन येतात, ती संमती नाही, तो नुसता अंगठा. गुजरातीत करा, राठवा आदिवासींच्या वस्तीत जात असाल तर तिथलंच कोणी बरोबर घेऊन तोंडी समजावून सांगा आणि साक्षीदाराची सही घ्या. आणि "नाही म्हणालात तरी तुमचं सरकारी दवाखान्यातलं औषधपाणी बंद होणार नाही" हे वाक्य मोठ्याने म्हणायचं, कारण लोकांच्या मनात तीच भीती असते आणि ती कोणी बोलून दाखवत नाही.

पायरी ३: लिहिताना

आता कॉपीचं. यूजीसीचे २०१८ चे नियम थिसिससाठी असे आहेत. दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत जुळलं तर काही नाही, १० च्या वर ४० पर्यंत असेल तर सुधारून द्यायचं आणि तेही सहा महिन्यांच्या आत, ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर एक वर्ष परत जमा करता येत नाही, ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. मास्तर लोकांच्या छापलेल्या कामात ४० च्या वर सापडलं तर इन्क्रिमेंट जातं आणि काही वर्षं नवीन विद्यार्थी घेता येत नाहीत, म्हणून तेही घाबरून असतात. संदर्भांची यादी, अवतरणचिन्हात नाव देऊन घेतलेला मजकूर, ठरलेली समीकरणं, कायद्याची कलमं हे त्यात धरत नाहीत.

यातून पोरांनी काय धडा घेतला? की ९ टक्के आले म्हणजे आपण पवित्र. अहो, सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळवतं, चोरी पकडायचं काम माणसाचं. ३० टक्के येऊनही काम स्वच्छ असू शकतं कारण पद्धतीचं वर्णन सगळीकडे सारखंच असतं, आणि ४ टक्के येऊनही अख्खी कल्पना ढापलेली असू शकते. आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे भाषांतर. संस्थानाच्या काळातली मराठी पुस्तकं, जुने गुजराती अंक, हे घरात किंवा लायब्ररीत सापडतात, त्यातला उतारा इंग्रजीत उतरवला की कुठलंच सॉफ्टवेअर बोंब मारत नाही. पण ती चोरीच. नाव द्या, पान नंबर द्या, उलट तुमच्या पेपरचं वजन वाढेल कारण ते पुस्तक दिल्लीवाल्याने वाचलेलंच नसतं.

टक्के कमी करायला शब्द बदलणारं सॉफ्टवेअर वापरू नका, म्हणजे नकोच. सयाजीगंजात काय किंवा ऑनलाइन काय, "टक्के उतरवून मिळतील" म्हणणारे हेच करतात. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या गिओम कबानाक वगैरे मंडळींनी असे पेपर शोधून काढले ज्यात आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं काउंटरफिट कॉन्शसनेस झालं होतं आणि ब्रेस्ट कॅन्सरचं बुझम पेरिल. हसू येतं, पण ज्यांच्या नावावर ते छापलंय त्यांना आयुष्यभर पुसता येणार नाही. त्यापेक्षा मूळ पेपर बंद करून, चहा पिऊन येऊन, आपल्या मोडक्या इंग्रजीत लिहा. मोडकं इंग्रजी दुरुस्त होतं.

चॅटबॉटचं विचारतातच सगळे. भाषा नीट करायला वापरला तर तसं पेपरमध्ये लिहा, प्रत्येक जर्नलचा आपला नियम असतो तो वाचा, आणि बॉटचं नाव लेखक म्हणून टाकता येत नाही कारण जबाबदारी घ्यायला तो येणार नाही, कोप या प्रकाशन-नीतीवाल्या संस्थेने हे सरळ सांगितलंय. सगळ्यात मोठा धोका संदर्भांचा. तो मस्तपैकी लेखक, वर्ष, जर्नल सगळं देतो आणि असा पेपर जन्माला आलेलाच नसतो. एकेक डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन नंबर, क्लिक करून उघडा. न उघडलेला पेपर संदर्भात टाकायचा नाही, हा नियम बॉटच्या आधीपासूनच आहे.

पायरी ४: नावं कोणाची आणि कुठल्या क्रमाने

इथे सगळ्यात जास्त रडारड होते, म्हणून जरा थांबून लिहितो.

मेडिकल जर्नलच्या संपादकांची आयसीएमजेई म्हणून समिती आहे, तिच्या चार अटी आता बाकीच्या विषयांतही चालतात. कामाच्या आखणीत, डेटा गोळा करण्यात किंवा त्याचा अर्थ लावण्यात खरा हात पाहिजे, लिहिण्यात किंवा गंभीरपणे तपासण्यात हात पाहिजे, शेवटच्या मसुद्याला होकार पाहिजे, आणि कामाबद्दल प्रश्न आला तर उत्तर द्यायची तयारी पाहिजे. चारही लागतात, एखादी नाही. मशीन वापरायला दिलं, ग्रँट आणली, डिपार्टमेंटचे हेड आहेत, एवढ्यावर लेखक होत नाही, त्यांचे आभार मानायचे असतात. उलट ज्या ज्युनियरने रात्री जागून रीडिंग घेतली आणि मसुद्यावरही काम केलं त्याचं नाव गाळणं हा तितकाच मोठा गुन्हा आहे, आणि आपल्याकडे तो जास्त होतो.

हे सगळं कागदावर ठीक, पण समोर सर बसलेत आणि म्हणतायत "अरे त्या अमुक मॅडमचं पण नाव टाक, त्या पुढच्या वर्षी तुझ्या व्हायव्हाला असतील", तेव्हा तुम्ही आयसीएमजेई काढून दाखवणार आहात का? नाही. बावीस-तेवीसच्या पोराला ते जमत नाही आणि जमावं अशी अपेक्षाही चुकीची. मग काय करायचं, तर भांडण स्वतःच्या अंगावर न घेता फॉर्मच्या अंगावर ढकलायचं. बरीच जर्नलं आता क्रेडिट (CRediT, कोर्सचं क्रेडिट नव्हे) नावाची पद्धत वापरतात, त्यात चौदा भूमिका ठरलेल्या आहेत, कल्पना, प्रयोग, डेटा सांभाळणं, सॉफ्टवेअर, लिखाण, देखरेख अशा, आणि प्रत्येक लेखकापुढे त्याने काय केलं ते भरायचं असतं. तो तक्ता छापून सरांकडे न्यायचा आणि अगदी साधेपणाने म्हणायचं, "सर, जर्नल विचारतंय प्रत्येकाने काय केलं ते, मॅडमच्या पुढे काय लिहू?" बहुतेक वेळा सरच म्हणतात राहू दे, आभारात घे. नाहीच ऐकलं तर निदान काय झालं ते तारखेसकट मेलमध्ये तुमच्याकडे राहतं. आणि हा तक्ता काम सुरू करतानाच एकदा भरून सगळ्यांना मेल केलात तर शेवटचं अर्धं रामायण होतच नाही.

पैसे घेऊन नाव विकणारे व्हॉट्सॲपवर आणि टेलिग्रामवर आहेत, पहिल्या लेखकाचा भाव वेगळा, तिसऱ्याचा वेगळा, अगदी भाजीमंडईसारखं. तिकडे फिरकायचंच नाही. तुमच्याबरोबर आणखी कोण ते नाव विकत घेतंय हेसुद्धा तुम्हाला माहीत नसतं, आणि एकाचं उघडकीला आलं की यादीतले सगळे जातात.

पायरी ५: आकडे आणि फोटो "सुंदर" करू नका

एखादं रीडिंग विचित्र आलं म्हणून काढलं तर का काढलं ते आधीच ठरलेल्या नियमाने काढायचं, निकाल बघून नाही. दहा टेस्ट लावल्या आणि एक जमली तर दहाही सांगायच्या. फोटोचं म्हणाल तर संपूर्ण चित्राचा ब्राइटनेस वाढवणं चालतं, त्यातल्या एकाच पट्टीचा नाही. दोन चित्रं जोडली तर मध्ये रेघ दिसली पाहिजे आणि खाली तसं लिहिलेलं पाहिजे. एलिझाबेथ बिक नावाच्या बाईंनी डोळ्यांनी तपासून २०१६ मध्ये दाखवलं होतं की २०,६२१ पेपरपैकी ३.८ टक्क्यांत चित्रं परत परत वापरलेली होती. आता तर हे पकडायला सॉफ्टवेअरही आलंय, त्यामुळे कोण बघतंय असं म्हणायची सोय उरलेली नाही.

पायरी ६: जर्नल निवडणं

आत्ता कुठे तुमच्या पहिल्या प्रश्नावर आलो.

यूजीसी-केअरची, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या जर्नलांची, यादी बघू का असं अजून विचारतात. ती यादी यूजीसीने २०२५ च्या सुरुवातीला बंद केली, आता जर्नल पारखायची जबाबदारी संस्थेवर आणि तुमच्यावर. म्हणून ज्या वेबसाइटवर "यूजीसी केअर ॲप्रूव्ह्ड" असा चमकणारा शिक्का अजून दिसतो तिथून आधी उठा.

नकली जर्नल किती सहज काहीही छापतात हे बघायचं असेल तर २०१३ ची गोष्ट. जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका भरलेला एक खोटा पेपर बनवला, तो ३०४ जर्नलांना पाठवला आणि १५७ नी स्वीकारला. ही टोळी अजून आहे, फक्त वेबसाइट जास्त छान झाल्यात.

तर तपासायचं कसं. संपादक मंडळातल्या दोन-तीन लोकांची नावं घेऊन त्यांच्या युनिव्हर्सिटीच्या पानावर जा, ते स्वतः म्हणतात का आम्ही या जर्नलवर आहोत. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख नंबर, त्याच्या अधिकृत पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का बघा. स्कोपस या जर्नलांच्या मोठ्या डेटाबेसमध्ये आहे म्हणतात तर स्कोपसच्या स्वतःच्या यादीत जाऊन बघा, त्यांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर नाही, आणि पुढे "कव्हरेज बंद" लिहिलंय का तेही. ओपन ॲक्सेस, म्हणजे सगळ्यांना फुकट वाचता येणारं असेल तर डीओएजे या तसल्या जर्नलांच्या यादीत शोधा. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या पेपरांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला गेला तो आकडा, क्लॅरिव्हेट ही कंपनी देते, बाकी ज्या दहा-बारा नावांचे फॅक्टर मिरवतात ते सोडून द्या. मग त्या जर्नलमधले तुमच्या विषयाचे दोन पेपर वाचा, खरंच वाचा. वाचताना लाज वाटली तर तिथे तुमचं नाव कशाला?

तीन दिवसांत ॲक्सेप्टन्स, "डिअर एमिनंट प्रोफेसर" (तुम्ही फर्स्ट इयरला!), फी फक्त ॲक्सेप्ट झाल्यावर कळणार, संपर्काला नुसता मोबाईल नंबर, ही लक्षणं दिसली की मेल डिलीट. एकदा पाठवून बसलात तर परत घ्यायलाही पैसे मागतात. कॉपीराइटच्या फॉर्मवर सही केलेली नसेल तर पैसे देऊ नका, लेखी मेल टाकून पेपर मागे घेतल्याचं कळवा आणि ती मेल जपून ठेवा. आणि खऱ्या जर्नलच्या नावाने दुसरीच वेबसाइट काढणारेही असतात, तेव्हा लिंक नेहमी प्रकाशकाच्या मुख्य पानावरून उघडा.

पण नाव मोठं म्हणजे निर्धास्त असंही नाही. हिंदावी हा वायलीने विकत घेतलेला प्रकाशक, त्याच्या स्पेशल इश्यूंमध्ये पेपर मिलवाले, म्हणजे खोटे पेपर बनवून विकणारे, घुसले आणि एकट्या २०२३ मध्ये त्यांना आठ हजारांवर पेपर मागे घ्यावे लागले. त्यात काही बिचाऱ्यांचे बरे पेपरही त्याच अंकात बसलेले असणार. म्हणून स्पेशल इश्यूचं आमंत्रण आलं तर गेस्ट एडिटर कोण हे आधी बघा.

एकाच वेळी दोन जर्नलला पाठवायचं नाही, एकीकडून नकार आला की मगच दुसरीकडे. रिव्ह्यूअर, म्हणजे छापायच्या आधी पेपर तपासणारा, सुचवा म्हटलं तर मित्राचा जीमेल देऊ नका, संस्थेचा मेल द्या आणि ज्याच्याशी ओळख नाही असा माणूस द्या. २०१४ मध्ये सेजच्या जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोलमधले ६० पेपर एकदम गेले होते, कारण खोट्या नावांचे ईमेल बनवून लोक आपापलेच पेपर पास करत होते.

पाठवायच्या आदल्या दिवशी संदर्भांची यादी रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांच्या, डेटाबेसमध्ये तपासा, २०२३ पासून तो क्रॉसरेफ या डीओआय देणाऱ्या संस्थेमुळे सगळ्यांना खुला आहे. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मागे घेतलेल्या पेपरवर ते आपोआप लाल पट्टी दाखवतं. आणि झोटेरो शिका बाबांनो, फुकट आहे.

पायरी ७: छापल्यावर चूक दिसली, किंवा दुसऱ्याची दिसली

आपली चूक असेल तर संपादकाला स्वतःहून लिहायचं. आकडा चुकला असेल तर दुरुस्ती छापतात, निष्कर्षच उभा राहत नसेल तर पेपर मागे घेतात. २०१८ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेल्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी २०२० च्या सुरुवातीला स्वतःच जाहीर केलं की सायन्समधला आमचा २०१९ चा पेपर आम्ही मागे घेतोय, निकाल परत येत नाहीत, आणि पहिल्या लेखकाच्या रजिस्टरमध्ये त्या वेळच्या नोंदी आणि मूळ डेटा सापडत नाही. रजिस्टर, बघा. त्यांचं नाव काही खराब झालं नाही, लोकांनी कौतुकच केलं.

दुसऱ्याचं, त्यातून आपल्याच लॅबमधलं दिसलं तर ग्रुपवर टाकू नका, रागात कोणाला फोनही करू नका. आधी नुसता प्रश्न विचारा, "हा ग्राफ कुठल्या फाईलमधून आलाय?" कित्येकदा साधी चुकीची फाईल चिकटलेली असते. उत्तर टाळलं जातंय असं दिसलं तर तारखा, फाईली, मेल यांच्या प्रती घरी ठेवा आणि डिपार्टमेंटबाहेरच्या एखाद्या जाणत्या माणसाशी बोला. २०१८ च्या नियमांप्रमाणे कॉपीच्या तक्रारीसाठी प्रत्येक डिपार्टमेंटचं एक इंटेग्रिटी पॅनल आणि त्याच्यावर संस्थेचं एक पॅनल असायला हवं. तक्रार लेखी, मुद्द्याची, विशेषणं न लावता. "सर चोर आहेत" नाही, "पान ४ वरची आकृती आणि जुन्या पेपरमधली आकृती सारखी आहे, दोन्ही जोडल्या आहेत" एवढंच. पोचपावती घ्या. पॅनल हललं नाही तर जर्नलच्या संपादकाला लिहिता येतं, बहुतेक मोठी जर्नलं कोपची पद्धत पाळतात, वेळ मात्र खूप लागतो, वर्षही जातं. गाईडच्याच विरोधात असेल तर आधी गाईड बदलायचा अर्ज, मग तक्रार, हा क्रम उलटा करू नका, कारण तक्रार गेल्यावर तुमच्या प्रोग्रेस रिपोर्टवर सही त्याच माणसाची लागते.